कोडेकाराची खुशाली

सकाळच्या गाडीनं मुंबईचं वर्तमानपत्र जळगाव स्टेशनात उतरलं, की ते सगळं गाव वाचत असे. पण त्यातलं कोडं करणाऱ्यालाच वाचणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. शब्दकोडी सोडवणारे मी पुष्कळ पाहिले. वकील पाहिले, मास्तर पाहिले, कोडं अडलं म्हणून आरोपीला पुढची तारीख देणारे एक मॅजिस्ट्रेटही धुळ्याला पाहिले. पण ते बापडे आडवे शब्द आडवे भरत, उभे शब्द उभे भरत, आणि चौकोन संपले की धोतर झटकून उठत. आमच्या मामांचं कोडं चौकोन संपल्यावर सुरू व्हायचं. शब्द कुणालाही सापडतात हो. हे शब्द ज्याला सुचले त्याचं आज पोट साफ आहे की नाही, हे सांगणारा पाहिजे!

हे वेड त्यांना धंद्यातून लागलं. मामा सरकी काढायच्या जिनात कापूस पारखी होते. गाडी आली की चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून तार काढायची, डोळे मिटायचे आणि प्रत सांगायची. तेवढ्यावर थांबले असते तर चार पारख्यांतले पाचवे ठरले असते. पण मामांना तारेबरोबर शेतकऱ्याचं घरही ओढून काढायची खोड. एकदा चोपड्याकडचे एक आबा गाडी घेऊन आले. मामांनी गाडीच्या या टोकाचा पुंजका घेतला, त्या टोकाचा घेतला आणि हळूच विचारलं, "आबा, घरात दोन चुली झाल्या का हो?"

आबा जागच्या जागी मटकन बसले. "व्हयन्यात ना भाऊ, परवाच! तुले कोनी सांगं?"

"तुमच्या कापसानं."

अर्धी गाडी देवाला वाहावी इतकी स्वच्छ वेचलेली, आणि अर्ध्या गाडीत कापसापेक्षा पालाच जास्त. एक सून खुशीत वेचत होती, दुसरी तणतणत. बस, एवढ्यावरून! तेव्हापासून तापीकाठच्या गावांत असा दरारा बसला, की नवराबायकोचं बिनसलेलं असलं तर आधी समेट करत आणि मगच गाडी जुंपत. जळगावच्या वेशीवर बैल सोडून बायकोची माफी मागणारे निदान डझनभर शेतकरी मी स्वतः पाहिले आहेत. त्यातल्या एकाला तर बायकोच नव्हती. त्यानं धोका नको म्हणून आईची मागितली.

पुढे मामी वारल्या. मुलगी लग्न होऊन पिंपळनेरला नांदत होती, त्यामुळे घरात मामा एकटे उरले. माझी आई रोज निरोप पाठवी, "दादा, जेवायला या," आणि मामा रोज उत्तर पाठवत, "चूल पेटली आहे." आपली भाकरी आपण थापत. त्यात कापसाचा हंगाम संपला, जिनाला कुलूप लागलं, आणि त्या अंगठ्यांना तार काढायला काही उरेना. नेमकं त्याच उन्हाळ्यात त्या वर्तमानपत्रात रोजचं शब्दकोडं सुरू झालं. दर दिवसाला एक विषय: आज फुलं, उद्या दागिने, परवा नद्या. मामा समोरच्या गफूरभाई पिंजाऱ्याच्या दुकानात कापसाच्या ढिगाला टेकून बसत. गाठींवर खुणा करायची निळी पेन्सिल कानावरून काढत, आणि आधी कागदाचा कोपराच दोन अंगठ्यांत धरून ताणून बघत. मग काळे चौकोन मोजत आणि मान हलवत. "आज कचरा फार आहे, भाचेबुवा. याची झोप झालेली दिसत नाही."

एके दिवशी विषय होता रेल्वे. सगळं गाव 'इंजिन', 'फलाट', 'शिट्टी' भरत होतं; मामांनी ते पाच मिनिटांत भरून पेन्सिल खाली ठेवली. "याची बायको आखाजीच्या सणाला माहेरी गेली."

"मामू, कोड्यात बायको कुठंय?" गफूरभाईनं कापूस पिंजायची धनुकली थांबवून विचारलं.

"शब्द बघ ना. 'निरोप' आहे, 'हुंदका' आहे. रेल्वेच्या कोड्यात हुंदका कुणी घालतं का? हा स्टेशनवर पोचवायला गेला होता."

पुढच्या आठवड्यात विषय आला स्वयंपाकघर. मामांनी कोडं सोडवलं, आणि पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. मग म्हणाले, "ती परत आली नाही. आता येणारही नाही. माहेरीच वारली."

"अरे देवा! हे कशावरून?" मी म्हणालो.

"परात घातलीय, तवा घातलाय, ठीक. पण हा 'फुंकणी' शब्द बघ. ज्याची बायको घरात आहे, त्याला फुंकणी आठवेल? ती त्यालाच आठवते ज्याच्या स्वतःच्या डोळ्यांत धूर गेलाय."

हे सांगताना मामांचे डोळे सकाळच्या चुलीनं लालभडक झालेले होते. गफूरभाईनं माझ्याकडे पाहिलं, मी गफूरभाईकडे पाहिलं, आणि दोघांनीही कापसाकडे पाहिलं.

त्यानंतर तर कोडेकाराची तब्येतच ढासळली. औषधी वनस्पतींच्या कोड्यात अडुळसा, सुंठ आणि ज्येष्ठमध एकदम निघाले. मामांनी खोकला ठरवला आणि त्या माणसाच्या वतीनं स्वतः काढा प्यायला सुरुवात केली. भर वैशाखात, जळगावच्या उन्हात, सुंठीचा! मुंबईतल्या माणसाला गुण आला की नाही ठाऊक नाही, पण इकडे मामांच्या नाकातून रक्त आलं. गावात हसू लागले. "मामूंचा कोडेवाला बिर्याणी खाऊन गलेलठ्ठ झाला असेल," असं गफूरभाई तोंडावर म्हणे. बाजारात तर एकानं बोलूनही दाखवलं, की म्हातारा कोड्यात भ्रमला असेल तर आमच्या कापसाची काय प्रत लावणार? मामांच्या अंगठ्यावर आयुष्यात पहिल्यांदा कुणी शंका घेतली होती. ते म्हणाले, "हसू दे रे. तिकडे माणूस एकटा पडलाय."

आणि एका सकाळी वर्तमानपत्रात कोडंच नव्हतं.

महायुद्धामुळे कागदाचा तुटवडा पडला होता, पानं कमी झाली होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मामांना सोडून. ते चारही पानं उलटीपालटी करून पुन्हा पुन्हा बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही कोडं नाही. मामांनी भाकरी सोडली. तिसऱ्या दिवशी एक अडत्या मुंबईला निघाला होता, त्याला गाठून त्याच्या हाती केळ्यांची टोपली आणि सुंठीची पुरचुंडी दिली, आणि स्टेशनभर ऐकू जाईल असा निरोप दिला, "कोडं करणाऱ्याला शोधा. जिवंत असला तर म्हणावं जळगावला या. पंधरा दिवस राहा. घर रिकामं आहे."

मग तयारी सुरू झाली. गफूरभाईकडून नवी गादी भरून घेतली. तो टोमणे मारत होता आणि गादीत ठरल्यापेक्षा दुप्पट कापूस भरत होता. घर सारवलं गेलं. आजाऱ्याला सोसावा म्हणून मऊ भात कसा करतात, हे मामांनी माझ्या आईला चार वेळा विचारलं. आणि एका सकाळी खरंच एक टांगा दारात थांबला. सगळी गल्ली ओट्यावर आली. मामा आधार द्यायला दोन्ही हात पुढे करून टांग्याजवळ गेले.

टांग्यातून एक तेविशीचा तरणाबांड, लालबुंद, भोपळ्यासारखा टणटणीत पोरगा उडी मारून उतरला, आणि त्याच्या पाठोपाठ पदर सावरत, हसत, त्याची बायको.

मामांचे हात तसेच हवेत.

"तुम्हीच ना केळी पाठवणारे?" पोरगा वाकून नमस्कार करत म्हणाला. "ही धुळ्याची. आखाजीला माहेरी आली होती, तिला न्यायला आलो. म्हटलं तुम्हाला भेटूनच जाऊ."

"आखाजी बरोबर!" मी ओरडलो. पण मामांचं लक्ष त्या मुलीच्या कुंकवाकडे होतं.

"आणि फुंकणी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"फुंकणी? तिथं तीन अक्षरं हवी होती."

"यांच्या हातात फुंकणी दिली ना मामा, तर बासरी म्हणून वाजवतील," ती मुलगी म्हणाली. "आमच्याकडे स्टो आहे. तोही मीच पेटवते!"

गल्ली खो खो हसली. गफूरभाईला इतके दिवस ज्या घटकेची वाट होती ती आली होती. त्यानं तोंड उघडलं, मामांकडे पाहिलं, आणि "चला, पाहुण्यांना उन्हात उभं करता का?" असं सगळ्यांवर खेकसून टांग्यातली वळकटी खांद्यावर घेतली.

त्या दोघांना दोन तास थांबायचं होतं. राहिले तीन दिवस. मऊ भात कुणी खाल्ला नाही. ती मुलगी चुलीपुढे बसली, मामा पाटावर बसले, आणि तो पोरगा भाकरी मोजायच्या नाहीत या अटीवर जेवला. मामांच्या घरात इतका आवाज मी फार दिवसांनी ऐकला. जाताना आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलली, खिडकीतला हिरवा चुडा दिसेनासा झाला, आणि मामा फलाटावरच उभे राहिले. आता हे खचणार, त्यांचा अंगठा सबंध गावासमोर खोटा पडला, असं वाटून मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो.

"गप रे," मामा म्हणाले. त्यांना आतून काही वाटलं की ते घरच्या बोलीत उतरत. "कापूस चुकना तर शेतकरीनं नुकसान. आठे कोडामा मी चुकनू, आन् एक बाई जिती ऱ्हायनी. याहून चांगलं काय?"

आणि ते हसले. मग घराकडे न वळता, न विचारता, माझ्याबरोबर आमच्या घरी जेवायला आले. आईनं ताट वाढलं.

कागद मिळू लागल्यावर कोडं पुन्हा छापून येऊ लागलं. मामांनी मात्र त्यातला एक चौकोन कधी भरला नाही. रोज सकाळी गफूरभाईच्या ढिगाला टेकून ते पान उघडत, कोडं जागेवर आहे एवढं बघत, "पोरगा मजामा शे" म्हणत आणि वर्तमानपत्र दुसऱ्याच्या हातात देत.