गरम की गार

माझ्या नवऱ्याला झटका आला तो सकाळी, दाढी करताना. उजवी बाजू गेली. बोलणं आठवड्याभरात परत आलं, पाय तीन महिन्यांत आला, राहिला तो उजवा हात. हात हलायचा, बोटंही थोडीफार मिटायची, पण त्या हाताला काही कळायचंच नाही. चहाचा कप धरला तर कप धरलाय हे डोळ्यांनी बघूनच त्यांना समजायचं. नजर जरा वळली की कप खाली. "हा हात माझा नाही, पाहुणा आलाय," असं ते लोकांना हसत सांगायचे. लोक हसायचे. मला ते हसू सहन व्हायचं नाही, मी उठून स्वयंपाकघरात जायची.

डॉक्टर म्हणाले होते की जाणीव परत येऊ शकते, पण येईलच असं नाही. जे व्हायचं ते पहिल्या काही महिन्यांत होतं, तेव्हा नेटाने फिजिओथेरपी करा. झालं. रविवार सोडून रोज सकाळी कोथरूडहून रिक्षाने सदाशिव पेठेत जायचं सुरू झालं. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पायाचे पेशंट इथपर्यंत येतात कसे, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. क्लिनिकच्या मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चढून आले की निम्मे बरे झालेले असतात." मी शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलंय, उत्तराला उत्तर द्यायची मला सवय आहे, पण तिथे मी गप्प बसले. गरज आमची होती.

आत एक लांब खोली, हिरव्या पडद्यांनी पाडलेले चार भाग आणि सगळीकडे यंत्रं. एका गृहस्थांच्या कमरेला पट्टा बांधून मशीन त्यांना सावकाश ओढायचं आणि सोडायचं, आणि ते बिचारे त्या ओढाताणीत झोपून जायचे. कुणाच्या गुडघ्याभोवती ओल्या स्पंजच्या चार चकत्या लावून करंट देत. कुणाच्या खांद्याला थंडगार जेल फासून त्यावरून अल्ट्रासाउंडचा गोल दांडा इस्त्रीसारखा फिरवत. भिंतीला एक मोठं लाकडी चाक होतं, ते आखडलेल्या खांद्याच्या लोकांनी फिरवायचं. यांच्या वाट्याला आलं ते स्टिम्युलेटर. मनगटाच्या वर दोन पट्ट्या चिकटवायच्या, बटण फिरवायचं, की लोंबणारा पंजा आपोआप वर उचलला जायचा. पहिल्यांदा तो उचलला गेला तेव्हा हे लहान मुलासारखे माझ्याकडे बघायला लागले. "अगं बघ, मी काही करत नाहीये हं." माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

यांची ट्रीटमेंट करायची ती एक पंचविशीतली मुलगी, नागपूरकडची. "बरं वाटून राहिलं का काका?" असं विचारायची. सुरुवातीला ते 'वाटून राहिलं' ऐकून माझ्यातली शिक्षिका जागी व्हायची. पण पोरीच्या हाताला इतकी माया होती की आठवड्याभरात माझं व्याकरण निमूट बसलं. तिने कितीही विचारलं तरी यांचं उत्तर ठरलेलं, "छान आहे." आयुष्यभर हा माणूस असाच. मीठ नसलेल्या आमटीलाही छान म्हणणारा.

कोपऱ्यात स्टीलचं एक भांडं होतं, त्यात मेण वितळवून ठेवलेलं असायचं. शेजारच्या कॉटवर येणाऱ्या एक आजी, संधिवाताच्या, रोज त्यात हात बुडवायच्या. "मेणाने माझी बोटं लोण्यासारखी सुटली हो," असं त्यांनी यांना सांगितलं आणि यांनी त्या मेणाचा ध्यासच घेतला. रोज विचारायचे, मला मेण कधी. शेवटी ती मुलगी म्हणाली, "देऊ ना काका, तुमची बोटं पण आखडून राहिली. पण आधी टेस्ट करावी लागते. हाताला गरम-थंड समजत असेल तरच."

टेस्ट साधी होती. काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, तिची काच वाफेने धुरकटलेली, दुसरीत गार. पेशंटने डोळे मिटायचे, मुलगी कधी ही तर कधी ती नळी हाताला टेकवणार, पेशंटने ओळखायचं. हे डोळे मिटून बसले. पहिल्याला "थंड" म्हणाले. नळी गरम होती. दुसऱ्याला बराच वेळ काही बोललेच नाहीत. मुलगी कागदावर काहीतरी लिहीत होती आणि यांच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. त्यांना कळत होतं की आपल्याला काही कळत नाहीये. तो चेहरा मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा तिने गरम नळी टेकवली, हे "थं" म्हणणार इतक्यात मी खाकरले.

हे थांबले. मग म्हणाले, "गरम."

बत्तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात घिरट्या घातल्या. बाकाखालच्या चिठ्ठ्या, तळव्यावरची सूत्रं, सगळं पकडलं. माझ्या वर्गात मान वळवायची कुणाची हिंमत नव्हती. आणि तीच मी नवऱ्याच्या शेजारी बसून गरमला खाकरत होते आणि गारला गप्प राहत होते. काही ठरवायची गरज पडली नाही, यांनी लगेच ओळखलं. एकदा गरम असूनही मी मुद्दाम खाकरले नाही. सगळी उत्तरं बरोबर आली की परीक्षकाला संशय येतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मुलगी खूश झाली. "काका, सुरुवातीला गडबडले होते वाटतं. उद्यापासून मेण."

परतताना रिक्षा कर्वे रस्त्याला लागल्यावर हे म्हणाले, "घसा बरा आहे ना तुझा?"

"बरा आहे," मी म्हटलं. आम्ही दोघं बाहेर बघत हसलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फार आनंदात होते.

मेणाचे पाच दिवस सुखाचे गेले. हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा. पांढऱ्या थरांचा हातमोजा तयार झाला की वर प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून वीस मिनिटं बसायचं. बोटं खरंच थोडी मोकळी व्हायला लागली होती. सहाव्या दिवशीही मुलीने विचारलं, "जास्त गरम नाही ना काका?" आणि हे म्हणाले, "छान आहे." यांच्यानंतर त्या आजींनी बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. "अगं, आज फार तापलंय." मुलीने धावत जाऊन बटण कमी केलं. आम्ही ते ऐकलं आणि तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. हे टॉवेलात हात गुंडाळून शांत बसले होते.

दुपारी जेवताना माझं लक्ष गेलं. हे डाव्या हाताने जेवत होते आणि उजवा टेबलाखाली लपवला होता. मी तो ओढून वर घेतला. मागची बाजू लालबुंद झाली होती आणि दोन बोटांच्या सांध्यांवर टपोरे फोड आले होते.

"दुखत नाहीये का हो?"

"कळत नाही," ते म्हणाले. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीने हात पाहिला आणि ती पांढरीफटक पडली. मालकीणबाई आल्या. त्यांनी फक्त हात पाहिला आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझीच चूक आहे मॅडम. मी टेम्परेचर नीट बघितलं नाही. पण काकांची टेस्ट तर मी केली होती, मला समजूनच नाही राहिलं की..."

मी उठून उभी राहिले. शाळेत पोरं कबुली देताना खाली का बघतात, ते मला त्या दिवशी समजलं. "टेस्ट यांनी दिलीच नाही," मी म्हटलं. "ती मी दिली. गरम आलं की मी खाकरत होते." हे मध्येच "नाही, मीच" असं काहीतरी म्हणायला लागले, त्यांना मी डोळ्यांनीच गप्प केलं. सगळे पडदे एकदम शांत झाले होते. ओढाताणीतले गृहस्थसुद्धा जागे झाले असावेत.

"शाळेत काय शिकवायचात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"गणित."

"बरं," एवढंच म्हणून त्या मलम आणायला गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी मात्र बोलली. खाली बसून यांच्या हाताला मलम लावत, माझ्याकडे न बघता बोलली. "काकू, ती परीक्षा नव्हती हो. नापास करून मी काय काकांना घरी पाठवणार होती? हाताला किती समजतं ते कळलं असतं तर मी त्यावरच काम सुरू केलं असतं ना. आता हे फोड बरे होईपर्यंत तर त्या हाताला काहीच करता येणार नाही." जे पहिले काही महिने डॉक्टरांनी मोलाचे म्हणून सांगितले होते, त्यातले कितीतरी दिवस आम्ही आमच्या हातांनी फुकट घालवले होते. यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. बत्तीस वर्षांत कुणी मला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी सगळ्या क्लिनिकने पाहिलं.

फोड बरे व्हायला अडीच आठवडे लागले. मग तिने नव्याने सुरुवात केली. मेण बंद. तांदळाने भरलेल्या डब्यात हात घालून आतली वस्तू ओळखायची, पॉलिश पेपर आणि मखमल आलटून पालटून चोळायची, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. घरी तोच अभ्यास मी घ्यायची. मखमलीला हे "किसणी" म्हणाले तरी मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. फार जड जायचं. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना एक वाक्य स्वतःच्या मनाने पूर्ण करू दिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कितीतरी संध्याकाळी यांना एकही वस्तू ओळखता यायची नाही. "पुरे आज," म्हणून ते डबा सरकवायचे आणि मी सांडलेले तांदूळ वेचत बसायची.

दीड महिन्याने पुन्हा नळ्यांची टेस्ट ठरली. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही बाहेर." मी निमूट बाहेर आले. जिन्याशी लोखंडी बाक होता, त्याची कड दोन्ही हातांनी धरून बसले. डिसेंबरची सकाळ, बाक बर्फासारखा. दार लोटलेलं होतं, आतलं ऐकू येत होतं.

"कळत नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "कळत नाही."

मग, "थंड?"

"नक्की का काका?"

"नक्की नाही. पण काहीतरी आहे."

मग बराच वेळ नुसतं कळत नाही, कळत नाही, आणि मध्येच एकदा, "गरम." प्रत्येक वेळी माझ्या घशात खाकरणं यायचं आणि मी आवंढा गिळायची. दहा वेळा नळ्या टेकवून झाल्यावर हे बाहेर आले, काठी न घेता, दाराला धरून. मागे ती मुलगी, हातात कागद.

"दोन आली," हे म्हणाले. "दहात दोन. स्वतःची."

मी त्यांना जिन्याकडे न्यायला हात पुढे केला. त्यांनी नेहमीसारखा डावा दिला नाही, उजवा दिला. मी तो धरला. ते समोर पायऱ्यांकडे बघत होते, पहिली पायरी उतरायला पाय पुढे टाकत होते, आणि पाय तसाच ठेवून थांबले.

"अगं, केवढा गार पडलाय तुझा हात," ते म्हणाले.

मी मागे वळून त्या मुलीकडे पाहिलं. माझ्या तोंडून आवाजही फुटला नव्हता, हे तिला दिसलंच होतं. ती पुढे आली, तिने माझी बोटं चाचपून पाहिली आणि कागद भिंतीला टेकवून त्यावर दोनाचे तीन केले.