धोट्याचं चुंबन

आमच्या थॉर्नक्लफची कापडगिरणी बंद पडली आणि गावाला एकाएकी स्वतःच्या इतिहासाचा पुळका आला. गिरणी चालू होती तेव्हा विणाईखात्यात डोकावायलाही कुणी येत नव्हतं. आता तिथे संग्रहालय झालं, दाराशी चहाचं दुकान निघालं, आणि आत एका मेजावर धोटा मांडला, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी ती लाकडी नळी. शेजारी पाटी: ‘विणकर मुली स्वखुशीने धोट्याचं चुंबन घेत.’

ती वाचून माझ्या क्लॅरिसमावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझाही झाला, पण मी आयुष्य पोस्टात काढलेलं. धोटा तोंडाला लावला तो तिने.

म्हणे चुंबन! धाग्याची कांडी संपली की धोट्यात नवी घालायची, त्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासासरशी धाग्याचं टोक बाहेर ओढायचं. दिवसभर हेच. धाग्याबरोबर कापसाचे तंतू, तेल, खळ, सगळं घशात. मावशीचे पुढचे दात त्यातच किडले. तिचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आजोबांनी उरलेलेही उपटून घेतले आणि कवळी करून दिली, आहेर म्हणून. जावयाला पुढे दाताच्या डॉक्टरचा खर्च नको! आमच्याकडे असल्या आहेराचं कौतुक व्हायचं, याची मला आजही चीड येते.

मावशीचं दातांबद्दल काही म्हणणं नव्हतं. तिचा राग नेलीसाठी होता. नेली तिची धाकटी बहीण. तिला मी पाहिलंही नाही. एखादी बाई आजारी पडली की दुसरी तिचे माग चालवी आणि तिचेच धोटे तोंडाला लावी. अशाच एका खोकणाऱ्या बाईचे माग नेलीने सांभाळले. त्या बाईला क्षय आहे हे मुकादमालासुद्धा ठाऊक होतं. वर्षभरात नेली त्याच रोगाने गेली.

मावशी मला घेऊन संग्रहालयाच्या रॉलिन्सनसाहेबांकडे गेली. माणूस शिकलेला, बाहेरगावचा, जिभेवर साखर. मागांच्या आवाजाने मावशी बहिरी झालेली. समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळे, पण तिचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटे.

“ते ‘स्वखुशीने’ काढा,” ती म्हणाली.

“क्लॅरिसबाई, हाताने धागा ओवायचे धोटे निघाले होते हो. तुम्ही बायकांनीच नको म्हटलंत.”

“म्हटलं ना! हाताने ओवायला वेळ लागायचा. जेवढं कापड, तेवढी मजुरी. तो वेळ कोण भरून देणार होतं, तुझा बाप?”

साहेब हसले. “बरं, बदलतो पाटी. पण उद्घाटनाला तुम्ही करून दाखवायचं हं. टीव्हीवाले येणारेत.”

“पाटी बदला, मग दाखवते.”

उद्घाटनाच्या दिवशी महापौरांची बायको आली, कॅमेरे आले, आल्याचा केक आला. पाटी तीच.

“चल मावशी, घरी जाऊ,” मी म्हटलं.

“गप बस गं. मी काय इथे केक खायला आलेय?”

ती पुढे गेली. तिने धोट्यात कांडी घातली, ओठ लावले आणि एका दमात धागा ओढून काढला. टाळ्या पडल्या. मग तो ओला धोटा तिने रॉलिन्सनसाहेबांपुढे धरला.

“आता तुम्ही.”

“मी?”

“हो. मग या बाईसाहेब. मग तो कॅमेरेवाला. आम्ही असंच करायचो, एकीमागून एक.”

साहेबांनी हसत खिशातून रुमाल काढला.

“पुसायचं नाही. पुसण्याची मजुरी मिळत नाही.”

लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण मावशीचा हात काही खाली येईना. महापौरांची बायको हळूच मागे सरकली. साहेबांचे कान लाल झाले.

“क्लॅरिसबाई, हे... आरोग्याच्या दृष्टीने बरं नाही.”

“होय का?” मावशी ओरडली. “मग हे आमच्या नेलीला कुणी का नाही सांगितलं? पोर होती रे ती!”

संध्याकाळी टीव्हीवर टाळ्यांपर्यंतच दाखवलं; पुढचं त्यांनी कापून टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम बघायला गेले. जुनी पाटी होती तिथेच होती, ‘स्वखुशीने’ सकट. तिच्याखाली नवी, मोठ्या अक्षरांतली पाटी लागली होती: ‘आरोग्याच्या कारणास्तव पाहुण्यांनी धोटा तोंडाला लावू नये.’

घरी आले तर मावशी दारातच उभी. “बदलली का गं?”

मी खरं ते सांगितलं. ती बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून.

“म्हणजे कळतं त्यांना,” ती म्हणाली. “कळतं मेल्यांना.”