पेटीवर न बसणारा जॉशुआ

इस्रायलमधल्या पेताह तिक्वा गावच्या कारखान्यात सगळे बसून चहा पीत. जॉशुआ चिंचोळकर कप घेऊन येरझाऱ्या घालायचा. चाळिशीत त्याला वजनं उचलण्याचं वेड लागलं. १९७८ साली हैफाच्या स्पर्धेत खांद्यावर वजन घेऊन तो तिन्ही वेळा पुरेसा खाली न बसताच उठला आणि बाद झाला. पुढची स्पर्धाही हैफालाच होती आणि आता आठवड्यावर आली होती.

प्रशिक्षकाने उपाय सांगितला होता: वजनासकट पेटीवर बसायचं, क्षणभर थांबायचं, मग उठायचं; पायांत ताकद येते. जॉशुआने मुंबईहून आणलेली सागवानी पेटी मांडली, पण टेकतो न टेकतो तोच तो उसळायचा.

“अहो, बसा की! विंचू आहे का तिथे?” बायको जेमायमा म्हणाली.

“अगं, आत मलिद्याचं ताट आहे. एलियाहू हनाबी प्रेषिताच्या नवसाचं. त्यावर बूड टेकवू?”

जेमायमाने कपाळावर हात मारला आणि ताट काढून कपाटात ठेवलं. जॉशुआ शंभर किलोंसकट बसला, तीन आकडे मोजले आणि उठला. सतरा वर्षांच्या संसारात तिने त्याला इतका वेळ स्थिर पाहिलं नव्हतं.

“हैफाला असेच उठलात तर मलिदा करीन,” ती म्हणाली. “पण तोही बसूनच खायचा!”