गाइक सुआनच्या तिथी

पिनांगमधल्या आमच्या गल्लीत गाइक सुआन तीस वर्षं श्राद्धाचा स्वयंपाक करते आहे. ज्या घरी श्राद्धाची तिथी असेल, तिथे सकाळी नऊच्या आत तिचे डबे पोचतात. तिला आठवण करून द्यायची नाही; दिली तर राग येतो. अडतीस घरं सांभाळते, पण आजवर कुणाचा मृतात्मा उपाशी राहिला नाही, हाच तिचा अभिमान.

तिथी पूर्वी वहीत होत्या. वही तेलानं चिकट झाली तेव्हा तिच्या मुलानं, बून खेंगनं, त्या मोबाइलमध्ये भरल्या आणि वही फेकली. तो मोबाइल चिनी पंचांगाच्या चांद्र तिथी जाणायचा. यंदा सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यानं तिला दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला, क्लाउडवरून कॅलेंडर त्यात उतरवलं आणि जुना फोन दुकानात बदल्यात दिला.

चौदा सप्टेंबरला सकाळी ती माझ्या दारात उभी. हातात बदकाच्या सूपचं पातेलं, वर लोबाकचा, तळलेल्या मांसाच्या वळकट्यांचा, डबा, माझ्या यजमानांच्या आवडीचा.

"आ-ची, नैवेद्याचं टेबल मांडलं नाहीस अजून?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती मला आ-ची म्हणते, आणि दटावते मात्र आईसारखी.

"कशाला मांडू? त्यांचा दिवस आठव्या महिन्याचा बारावा. अजून सातवाच चालू आहे. यंदा सहावा महिना दोनदा आला ना!"

"फोन सकाळी वाजला की!"

"फोनला अधिक महिना काय कळतो!"

ती हसली नाही. पायरीवर बसली. "म्हणजे सगळेच दिवस चुकले. आ-ची, कुणाचं जेवण राहून जायचं गं."

दुपारी बून खेंग आला, फोन उलटसुलट करून बघितला. "मा, यानं तिथी टाकून दिली आणि नुसती तारीख ठेवली. कोणत्या वर्षाची, तेही कळत नाही."

"हा आमचा मोठा इंजिनिअर!"

"मी बँकेत आहे, मा."

"मग तर संपलंच."

मी माझ्या डायऱ्या काढल्या. प्रत्येक पानावर वर तारीख, ही शाळेतल्या नन्सची शिस्त; खाली तिथी, ही सासूबाईंची. आणि शेजारून फोडणीचा वास आला की तोही मी नोंदते: आज अमुक घरचं, अमुक कालवण.

"तू माझ्या स्वयंपाकावर पाळत ठेवतेस?"

"वासच भिंत ओलांडून येतो. मी नाही येत."

सातव्या महिन्यापासून वाचायला घेतलं. "पंचविसावी तिथी. येओंची आजी, खारवलेल्या भाजीचं सूप."

"पंचविसावी म्हणजे परवा!" ती ताडकन उठली. फोनमध्ये येओंच्या आजीची तारीख अठ्ठावीस ऑगस्ट होती. नवा फोन यायच्या आतच ती उलटून गेली होती, म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत तो गप्पच बसला असता. "भाजी आजच भिजत घालायला हवी." आणि चप्पल न घालताच ती घरी गेली.

उरलेल्या तिथी आम्ही दोन दुपारी भरल्या. मी वाचायची, ती मान डोलवायची, बून खेंग या वेळी तिथीसकट क्लाउडवर लिहायचा. तिचा, त्याचा आणि माझा अशा तिन्ही फोनवर तेच कॅलेंडर उघडून एकेक नाव पडताळलं. सोळा तारखेला येओंचे डबे साडेआठलाच पोचले.

चौदा तारखेचं सूप आम्ही तिघांनी त्याच दिवशी संपवलं होतं. आधी एक वाटी यजमानांच्या फोटोपुढे ठेवली. लवकर बोलावलं म्हणून ते काही रुसणारे नव्हते.

तीन ऑक्टोबरला माझा फोन वाजला तेव्हा पातेलं दारात आलेलंच होतं.

"टेबल मांडलंस?"

मांडलं होतं.