भागिले चौदा

ऑक्टोबरचं ऊन सकाळी नऊलाच गच्चीवर चटके देत होतं. भामाने जुन्या लुगड्यावर सुकटीसाठी जवळा वाळत घातला, कावळ्यांसाठी काठी हाताशी ठेवली आणि खाली वाकून पाहिलं. तिचे थोरले दोन मुलगे दारातली काळी, हत्तीएवढी गाडी चुलत्याच्या गोठ्यात लपवायला निघाले होते.

कारणच तसं होतं. नातू प्रितम खांदा कॉलनीतल्या अंकितावर जीव लावून बसला होता. पोरगी आपल्याच आगरी समाजातली, शिकलेली, हसरी. अडलं होतं ते तिच्या बापाशी. प्रभाकर तीस वर्षं सरकारी पाहणीचे फॉर्म भरून घरांना गरीब, मध्यम, श्रीमंत अशा रकान्यांत बसवत आला होता. त्याने निरोप धाडला, आम्ही मध्यमवर्गीय, मुलगी बरोबरीच्याच घरात देणार. गडगंज घरात तिला उठता-बसता माहेर ऐकवतात. आज तो घर बघायला येणार होता.

आता मध्यम म्हणजे नेमकं किती, हे भामाला ठाऊक नव्हतं. मिठागरात राबत होती तोवर ती गरीब होती. नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली, बदल्यात द्रोणागिरीला प्लॉट आला, त्यावर गोदाम उभं राहिलं, तशी लोक तिला शेठाणी म्हणू लागले. मधलं स्टेशन लागलंच नाही. म्हणून तिने गल्लीच्या टोकाच्या एलिशेबाबाईंना विचारलं. बाईंचा जन्म बँकेच्या पगारावर गेलेला. त्यांनी सांगितलं, सोफ्यावर चादर घाल, चांगले कप आत ठेवून कान तुटलेले बाहेर काढ, आणि आइस्क्रीमचा रिकामा डबा दिसेल असा ठेव.

भामाने सगळं केलं. सोनं तांदळाच्या पिंपात गेलं. मोठा टीव्ही भिंतीवरून निघेना, त्यावर गोधडी टाकली. जेवणाचं मात्र तिने विचारलंच नव्हतं. पाहुण्याला महागामोलाचा जिताडा घालायचा, यात विचारायचं काय?

प्रभाकर आणि अंकिता आले. तुटक्या कपातला चहा पिताना प्रभाकर खूश दिसला. मग ताटं आली, आणि तळहाताएवढ्या तुकडीकडे बघून त्याचा घास थांबला.

"आजी, मासा पाच किलोचा असेल."

"सातचा," भामा तोऱ्यात म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"आणि भिंतीवर गोधडी?"

"भिंतीला थंडी वाजतंय."

प्रितमच्या कपाळावरून घाम ओघळत होता. अंकिताने पदराआड हसू दाबलं. भामाने मग गोधडी ओढून खाली टाकली आणि खरं सांगितलं. गोदामाचं, खोल्यांचं भाडं आणि पोरांची कमाई धरून महिन्याला दोन लाख ऐंशी हजार.

प्रभाकरने ताट बाजूला सारलं. हे जमायचं नाही, म्हणाला. पण तीस वर्षांची सवय जाते कुठे? उठता उठता त्याने फॉर्मातला नेहमीचा प्रश्न विचारला, "चुली किती?"

भामाला राग आला. "एकच. तीन पोरगे, तीन सुना, सात नातवंडां आन् मी. माझे जित्तेपणी दुसरी चूल मांडून दाखवा."

तो पुन्हा बसला. खिशातलं पेन काढून शेजारी पडलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. दोन लाख ऐंशी हजार भागिले चौदा, माणशी वीस हजार. मग खाली स्वतःचे साठ हजार भागिले तीन. तेही वीस. त्याने दोन्ही विसांभोवती गोल केला.

"आजी, तुम्ही तर आमच्याच रकान्यात."

"बाबा," अंकिता म्हणाली, "मी इकडे आले की यांचं भागिले पंधरा आणि तुमचं भागिले दोन."

प्रभाकरने तेही करून पाहिलं. इकडे अठरा हजार सहाशे, तिकडे तीस हजार. भामाने गोधडीची घडी घालता घालता कागदात डोकावलं.

"मंग व्याही, हळदीचा डीजे तुमचे खर्चान. आमी गरीब माणसां."

प्रभाकरने पेन खिशात ठेवलं, ताट पुढे ओढलं आणि जिताड्याचं डोकं मागून घेतलं.

तेवढ्यात गच्चीवर कावळा ओरडला. भामा गुडघ्यावर हात ठेवत जिने चढली, काठी आपटली आणि जवळा उलथा करायला बसली.