मधल्या थरातली साडी

नाचणगावची मावशी भेटली की आधी पदर धरायची. "कधी आली, कशी आहे" हे सगळं नंतर. पदराचं टोक अंगठ्याखाली चोळायचं, उजेडाकडे धरून पाहायचं आणि निकाल द्यायचा, "अजून दोन साल नेस. मंग मले देजो." एका लग्नात तिनं नवरदेवाच्या आत्याचा शालू असाच तपासला, तेव्हा ती बाई पंगती उठेपर्यंत पदर मुठीत घेऊन बसली होती. मावशीच्या लेखी जगातलं सगळं कापड म्हणजे अजून न झालेली गोधडी.

मापाला ती टेप वापरत नसे. जमिनीवर आडवी व्हायची, हात डोक्यावरून ताणायची आणि जो जवळ असेल त्याला म्हणायची, "बोटापाशी खूण कर." तिच्या मापाची गोधडी तिच्या जावयाच्या पिंढऱ्यांपर्यंतच पोचायची. त्यानं तक्रार केली, तर म्हणे, "पाय पोटाशी घेऊन निजत जा. लहानपणी निजतच होते ना?" मी सगळं मोजून, लिहून करणारी. आमचं पटायचं ते बहुतेक म्हणूनच. ती माझ्या याद्यांना हसायची, मी तिच्या मापांना.

आई गेली तेव्हा तिच्या साड्यांचे मी लगेच ढीग लावले. हा शेजारणीचा, हा कामाला येणाऱ्या बाईंचा, हा आश्रमात द्यायचा. माझी दुःख करायची पद्धत तशीच आहे, आधी आवरायचं. मावशीनं तिन्ही ढीग हातानं मोडून एक केला.

"वाटून टाकशील त हिवाळ्यात काय पांघरशील? याद्या?"

वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या आमच्या घरात दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावून आम्ही दोघी जमिनीवर बसलो. सुती साड्यांचे चौकोन कापून वरचा थर जोडला. कडेवरून आमचं वाजलं. मला मशीनवर तयार गोट मारायचा होता, धुण्याला टिकतो म्हणून. तिला साड्यांच्या काठांचाच गोट हवा होता, तोही हातानं शिवलेला. "मशीनीचा टाका गादीवाल्याले शोभते," ती म्हणाली आणि विषय संपवला.

खरा प्रश्न अंजिरी साडीचा होता. आई ती हळदीकुंकवाला, मतदानाला आणि दवाखान्यात, तिन्हीकडे नेसायची. ती कापायची नाही, अख्खी राहिली पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता. मी म्हटलं, मागच्या बाजूला लावू. मावशीनं मान हलवली. "पाठ जमिनीले घासते. वरचं ऊन खाते. मधात टाक. मधातल्याले काही होत नाई." मला ते पटलं. पुढचं काम ती आपल्या घरी करणार होती. मी अंजिरी साडीची घडी घालून स्वतःच्या हातानं तिच्या पिशवीत ठेवली आणि तिला नाचणगावला जायला पुलगावच्या एसटीत बसवून दिलं.

गोधडी आली ती सुंदरच होती. मी एकच गोष्ट विचारली, "मधात आहे ना?"

"मधातच आहे," मावशी म्हणाली. पदर बघून निकाल द्यायची, त्याच आवाजात. त्या आवाजावर मी कधी शंका घेतली नव्हती.

मग हिवाळे आले. मी ती गोधडी दुसऱ्या कुणाला पांघरू दिली नाही. झोपताना तिच्या मधोमध हात ठेवायची सवय लागली होती.

एका संक्रांतीला न कळवता तिळगूळ घेऊन नाचणगावला गेले. मावशी अंगणात सुनेबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अंगावर अंजिरी साडी. मला पाहून उठली आणि सवयीनं माझा पदर धरला. मी तिचा धरला.

"मावशी, ही आईची."

"आईचीच त आहे."

"मग गोधडीत काय आहे?"

ती पुन्हा बसली, शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "पडदा आहे. माह्या खोलीचा. चांगला जाड आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काऊन सांगू? तू पांघरून राह्यली, मी नेसून राह्यली. बहीण होती माही."

"मागितली असतीस तर दिली असती!"

"हो, देल्ली असती," ती म्हणाली, "अन् लिहून ठेवली असती. मावशीले, एक साडी."

सून फस्सकन हसली. मी तिळगुळाचा डबा ओट्यावर ठेवला आणि पुढच्या गाडीनं परत आले. साडी गेल्याचं इतकं लागलं नाही. इतके हिवाळे मी खिडकीच्या पडद्याला कवटाळून निजले होते, आणि हे एका माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर दिवाळीत आमच्याकडे येऊन ते माणूस माझ्या हातचा चिवडा खात होतं.

होळीच्या आधी मावशी स्वतःहून आली. हातात पिशवी, पिशवीत साडी, धुऊन घडी घातलेली. या वेळी तिनं पदर धरला नाही. गोधडी मागून घेतली, गोटाचे टाके उसवले आणि कड उघडली. आत फुलाफुलांचा पडदा होता. दांडी घालायची शिवणसुद्धा तिनं काढलेली नव्हती.

"सांग," ती म्हणाली. "हे काढून ते टाकतो. तू म्हणशील तसं शिवतो. मशीन म्हणशील त मशीन."

मी साडीकडे पाहिलं. ती आता मावशीच्या अंगाची झाली होती.

"पडदाच राहू दे. बंद कर."

"रागात आहे तू."

"आहे."

तिनं सुई ओवली आणि कड बंद केली. एकही टाका मोठा घातला नाही. मग पिशवी उचलून निघाली. स्टँडपर्यंत पोचवायला मी गेले नाही.

नंतर लग्नाकार्यात भेटी झाल्या. ती लांबून हात जोडायची, कुणी पाहुण्याला जोडावे तसे. माझ्या पदराला तिनं पुन्हा बोट लावलं नाही आणि मला त्याचाही राग यायचा.

यंदा उन्हाळ्यात तिच्या सुनेचा फोन आला, मावशी गेली म्हणून. मावशीच्या माहेरचं आता मीच एक माणूस उरले होते, आणि शेवटची साडी माहेरची नेसवतात, म्हणजे ती माझ्याकडूनच जायची. वर्ध्याला दुकान उघडताच एक नवी घेतली आणि गेले. बायकांनी तिला अंघोळ घातली होती. मी पिशवीतून साडी काढणार, तेवढ्यात सून आतून अंजिरी साडी घेऊन आली. घडी तीच होती.

"तुमच्याकडून आल्यावर त्यायनं हे अंगाले लावलीच नाई," ती म्हणाली. मग माझ्या पिशवीकडे पाहून, "ताई, तुम्ही आणली ते नेसवायची, का हे? तुम्ही सांगान तसं."

मागितली असती तर दिली असती, हे मी मनाशी किती वेळा म्हटलं असेल. आता विचारणारं कुणीतरी समोर उभं होतं, आणि बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हीच," मी म्हटलं.

राग गेलेला नव्हता. पण बायकांच्या हातून काठ उलटा येत होता. मी खाली बसले, सगळं सोडवलं आणि काठ सुलट करून पुन्हा नेसवली.