भंगाळेभाऊंनी दिलेला आउट

हेमचंद्र भंगाळे जळगावचे. दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी दुसऱ्यावर. त्यांना सगळे भंगाळेभाऊ म्हणायचे. कतारमध्ये बारा वर्षं काढलेली. फुटबॉल वर्ल्ड कपसाठी बांधल्या जाणाऱ्या एका स्टेडियमवर ते वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. छताचे लोखंडी पाइप जिथे एकमेकांना जोडले जायचे, तो प्रत्येक जॉइंट टॉर्च आणि भिंग घेऊन बघायचा, आणि पसंत पडला तर पिवळ्या मार्करने त्यावर सही करायची, हे काम. भंगाळेंची सही असली की पुढचा माणूस दुसऱ्यांदा बघत नसे, एवढं त्यांचं नाव होतं.

पण त्यांचा जीव होता बेसबॉलमध्ये. क्रिकेट सोडून बेसबॉल कुठून लागला, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते जरा रागावलेच. जळगावला शाळाशाळांत बेसबॉलसारखाच सॉफ्टबॉल खेळतात, ते स्वतः विद्यापीठाकडून खेळले होते, आणि पूर्णिमावहिनी मुलींच्या संघात पिचर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या होत्या. दोघांची ओळख मैदानावरचीच. गुडघा गेल्यावर भाऊ अंपायरिंगकडे वळले. दोहात फिलिपिनो लोकांची बेसबॉल लीग आहे असं कळल्यावर ते आपणहून जाऊन उभे राहिले. नऊ वर्षं दर शुक्रवारी सकाळी भाऊ होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, आणि वहिनी ताडपत्रीच्या सावलीत स्कोअरशीट घेऊन. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून तर शुक्रवार हाच त्यांचा सण होता.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत लीगची फायनल होती आणि भाऊ मलाही घेऊन गेले. इंडस्ट्रियल एरियाच्या पलीकडे सपाट केलेली जमीन, चुन्याच्या रेषा, कुंपणाच्या जागी ओळीने लावलेल्या गाड्या. एका बाजूला फिलिपिनोंचा जुना, तीनदा जिंकलेला संघ. दुसऱ्या बाजूला लेबर कॅम्पमधल्या पाकिस्तानी, नेपाळी आणि मल्याळी मुलांनी दोन वर्षांपूर्वी उभा केलेला संघ. तो उभा केला जहूरने, त्यांच्या कॅचरने, म्हणजे होम प्लेटमागे बॉल झेलणाऱ्याने. जहूर पाकिस्तानातल्या गुजरांवाल्याचा, तिकडे कुठल्याशा सरकारी खात्याच्या संघातून बेसबॉल खेळलेला, आता वेल्डर. भाऊंच्याच साइटवर, आणि भाऊच त्याचे जॉइंट तपासायचे. मैदानावर मात्र भाऊ त्याच्याशी कामापुरतंही बोलत नसत. अंपायरने कुणाचा चहासुद्धा घेऊ नये, असं त्यांचं मत होतं.

शेवटची इनिंग सुरू झाली तेव्हा जहूरचा संघ सहा-तीनने पुढे होता आणि फिलिपिनोंची बॅटिंग होती. पहिला माणूस लगेच आउट झाला. लोक खुर्च्यांच्या घड्या घालायला लागले. तेवढ्यात वारा सुटला आणि धूळ उठली. पिचर नेपाळी सिक्युरिटी गार्ड होता. त्याचे बॉल इकडेतिकडे जायला लागले आणि दोन जण फुकटात बेसवर गेले. पुढच्याने बॅट नुसती लावून बॉल हलकेच जमिनीवर टाकला. तो उचलून कुणीतरी इतका उंच फेकला की बॉल थेट एका पिकअपखाली गेला. पहिला रनर घरी, म्हणजे होम प्लेटवर आला. सहा-चार. मागचे दोघे धावत सुटले आणि दोघेही तिसऱ्या बेसवर येऊन बेसच्या एकाच पिशवीवर पाय ठेवून उभे राहिले. एकीकडे पिकअपखाली तीन जण आडवे पडून बॉल शोधतायत, दुसरीकडे टागालोग, उर्दू, मल्याळम अशा सगळ्या भाषांत आरडाओरडा. बॉल सापडला, जहूरने येऊन दोघांनाही लावला. भाऊ शांतपणे चालत गेले आणि मागून आलेल्याला आउट दिलं, कारण बेस पुढच्याचा असतो. कुणी हूं की चूं केलं नाही. मला त्या क्षणी भाऊंचा खरोखर अभिमान वाटला.

दोन आउट झाले होते, तिसऱ्यावर खेळ संपणार होता. मग रॉनेल नावाच्या पोराने जोरदार मारला, तिसऱ्या बेसवरचा घरी आला, सहा-पाच. रॉनेल दुसऱ्या बेसवर. पुढच्याचा फटका उजवीकडे गेला आणि रॉनेल तिसऱ्या बेसला वळसा घालून घराकडे सुटला. तो पोचला असता तर बरोबरी. बॉल आणि तो जवळजवळ एकदमच आले. जहूरने बॉल घेतला, रॉनेल घसरत आला, जहूरने ग्लोव्ह त्याच्या मांडीला लावला, आणि दोघेही धुळीत दिसेनासे झाले. ग्लोव्हमध्ये बॉल घट्ट असला तर रनर आउट. निसटला तर सेफ. भाऊ दोन पावलांवर वाकून उभे होते. त्यांनी मूठ वर केली. आउट. सामना संपला.

मग जे झालं ते बघवत नव्हतं. फिलिपिनो बाकावरचे सगळे मैदानात आले. बॉल खाली पडला होता, आम्ही बघितला, असं प्रत्येक जण सांगत होता. दुसरा अंपायर त्या दिवशी शिफ्टमुळे आला नव्हता, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. रॉनेल गुडघ्यावर बसून प्लेटच्या डाव्या बाजूची माती दाखवत होता. भाऊ एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की मी ग्लोव्हमध्ये बॉल पाहिला. शेवटी फिलिपिनोंचा कप्तान, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, अजिबात आवाज न चढवता इंग्रजीत म्हणाला, "मिस्टर हेम, तो वेल्डर तुमच्याच साइटवरचा आहे, हे आम्हाला माहीत आहे."

भाऊंनी टोपी काढली, छातीवरचं पॅड सोडलं आणि गाडीकडे चालू लागले. वहिनींनी स्कोअरशीटवर आउट लिहिलं, सही केली. बेसमेंटमध्ये गाडी लावताना डावा आरसा खांबाला घासला. तो आधीही दोनदा घासलेला होता.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. रविवारी जेवणाच्या सुट्टीत जहूर साइटवर भाऊंना शोधत आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो म्हणाला, "साहब, बॉल गिर गया था. मैंने जल्दी से उठा लिया. आपने हमारे लिए इतना किया, ये मैं भूलूँगा नहीं."

त्याला वाटलं होतं की भाऊंनी पाहिलं आणि त्याच्यासाठी डोळेझाक केली. भाऊ त्याच्या अंगावर धावून गेले असते तर बरं झालं असतं. ते नुसते वळले आणि कामावर गेले. घरी येऊन त्यांनी वहिनींना विचारलं, तू स्कोअरच्या टेबलावरून काय पाहिलंस?

वहिनींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "बॉल पडला होता, अहो. तुमच्या पायाशीच पडला होता, डाव्या बाजूला. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात."

"मग तू लिहिलंस कसं?"

"अंपायर म्हणेल ते लिहायचं, हे तुम्हीच शिकवलं ना."

मग वहिनींनी सगळंच बोलून टाकलं. तो आरसा. डावीकडे ठेवलेला कप दर दोन दिवसांनी सांडणं. जिन्यात शेजारच्या गार्गीला धक्का लागणं, आणि ती समोर होती हे माहीतच नसणं. वर्षभर त्या हे बघत होत्या आणि वय झालं म्हणून सोडून देत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी भाऊंना एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रापुढे बसवलं. मध्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. भाऊंना वाटलं, चाचणी मधेमधे थांबतेय. मागे बसलेल्या वहिनींना डावीकडे खाली ठिपके दिसत होते, एकामागून एक, आणि भाऊंचा अंगठा हलत नव्हता. काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांतला डावीकडचा खालचा भाग जवळपास गेला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊंनी विचारलं, पण मला काळं काही दिसत नाही, मग गेली कशी? डॉक्टर म्हणाले, काळं दिसत नसतं. जिथे दिसत नाही ती जागा मेंदू आपल्या अंदाजाने भरून टाकतो.

त्या दिवशी भाऊ आमच्याकडे आले आणि सोफ्यावर बसले. चहा तसाच थंड झाला. म्हणाले, "शशिकांत, मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच बॉल ग्लोव्हमध्ये दिसला होता." थोड्या वेळाने म्हणाले, "मग त्या जॉइंटमध्ये मला काय काय दिसलं असेल?"

कंपनीत दर वर्षी इन्स्पेक्टरांचे डोळे तपासायचे. हातभर अंतरावर कार्ड धरून बारीक अक्षरं वाचायची, एवढंच. त्यात भाऊ कधीच नापास झाले नव्हते, यापुढेही झाले नसते. न सांगता तीन वर्षं निघाली असती, वर्ल्ड कप झाला असता, सन्मानाने घरी जाता आलं असतं. हे मीच त्यांना सुचवलं. आज लिहिताना लाज वाटते, पण सुचवलं. त्यांनी रिपोर्टची घडी खिशात घातली आणि ते उठले.

गुरुवारी ते रिपोर्ट घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सही केलेले गेल्या वर्षभरातले सगळे जॉइंट पुन्हा तपासावेत, असं स्वतःच लिहून दिलं. तपासणीला पाच आठवडे लागले. भाऊंना साइटवर जायची परवानगी नव्हती. ते घरी बसून राहायचे, दर तासाला फोन बघायचे. चारशेच्या वर जॉइंटपैकी तीन सदोष निघाले. वेल्डच्या कडेला पाइप वितळून खाल्ला गेला होता, बारीक खाच, डावीकडे खाली. तिन्ही दुरुस्त होण्यासारखे होते आणि आठवड्यात झालेही. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या तीनपैकी दोन जहूरचे होते.

आणि फायनलची गोष्ट तोवर ऑफिसात पोचली होती. फिलिपिनो संघातले दोघे कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. इन्स्पेक्टरने वेल्डरला सामना जिंकून दिला, मग त्याचे जॉइंटही पास केले, असा सरळ हिशोब लोकांनी लावला. जहूरला बोलावून विचारलं, बॉल पडला होता का? तो खोटं बोलला नाही. म्हणाला, पडला होता, साहेबांनी सांभाळून घेतलं. त्याच्या दृष्टीने तो भाऊंचा मोठेपणा सांगत होता. तेवढं वाक्य पुरलं.

भाऊंनी मॅनेजरला दोन पत्रं लिहिली. डोळ्यांच्या चाचणीत छापून आलेला नजरेचा नकाशा जोडला. जिथे ठिपके दिसले नाहीत ते काळे चौकोन आणि जॉइंटवरच्या खाचांची जागा शेजारी शेजारी काढून दाखवली. या माणसाचा यात काही हात नाही, दोष माझ्या डोळ्यांचा आहे, असं लिहिलं. उत्तर आलं ते फक्त भाऊंबद्दल: प्रामाणिकपणाबद्दल आभार, वैद्यकीय कारणाने सेवा समाप्त, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. जहूरचा व्हिसा त्याच आठवड्यात रद्द झाला.

लीगच्या कमिटीपुढेही भाऊ जाऊन आले. मी गाडी चालवली, कारण त्यांनी चालवणं सोडलं होतं. त्यांनी उभं राहून सांगितलं की निर्णय चुकला होता, रॉनेल सेफ होता. पांढऱ्या मिशांच्या कप्तानाने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. पण सीझन संपला होता, ट्रॉफी दिली गेली होती. रॉनेलचं कॉन्ट्रॅक्ट संपून तो मनिलाला गेला होता. कमिटीने नोंदवहीत एक ओळ लिहिली, आणि मग सगळे पुढच्या सीझनच्या मीटिंगसाठी हॉटेलात जायला उठले.

जहूर जायच्या आदल्या दिवशी आम्ही त्याच्या कॅम्पवर गेलो. आठ जणांची खोली, त्याची बॅग दोरीने बांधून पलंगावर ठेवलेली. कॅचरचा ग्लोव्ह त्याने नेपाळी पिचरला देऊन टाकला होता. भाऊंनी त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय काय बदललं ते मी पाहिलं. भाऊंना किती दिसलं, माहीत नाही. शेवटी तो म्हणाला, "तो आपने मेरे लिए कुछ नहीं किया था."

"नहीं," भाऊ म्हणाले. "मुझे दिखा ही नहीं."

जहूरने मान हलवली. एवढे दिवस कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी केलं, असं त्याने मनाशी धरलं होतं. नोकरी गेली तरी ते धरलं होतं. तेही गेलं. त्याने आम्हाला दारापर्यंत सोडलं नाही.

मे महिन्यात भाऊ आणि वहिनी जळगावला गेले. रमजान सुरू होता, दुपारी रस्ते रिकामे होते, एअरपोर्टला पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. फोनवर बोलणं होतं. शाळांनी अंपायर म्हणून बोलावलं, ते गेले नाहीत. वहिनी मात्र मुलींना पिचिंग शिकवायला जातात, आणि भाऊ घरी थांबतात. थेंब वेळेवर घालतात. उजवीकडची नजरही आता कमी होते आहे.

त्या वर्षअखेरीस गुजरांवाल्याहून जहूरचा मेसेज आला. सौदीत काम मिळत होतं, पण दोहातल्या कामाचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि कंपनी देत नव्हती. भाऊ ते देऊ शकतील का, एवढंच त्याने विचारलं होतं. भाऊंकडे ना लेटरहेड, ना शिक्का, ना हुद्दा. त्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं की या माणसाचे शेकडो जॉइंट मी तपासले, आणि त्याच्याइतका चांगला वेल्डर माझ्या पाहण्यात नाही. ओळी तिरक्या जात होत्या म्हणून वहिनींनी ते पुन्हा स्वच्छ लिहून काढलं, भाऊंनी खाली सही केली, आणि फोटो काढून पाठवला.

मेसेज पोचल्याची खूण आली. जहूरने काही लिहिलं नाही. ते पत्र त्याने कुणाला दाखवलं की नाही, हे भाऊंना आजही माहीत नाही.